गोळी तीच, मग गुण का येत नाही?

मागच्या खेपेला आपला कार्यक्रम संपता संपता एका ताईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "सिस्टर, पहिल्यांदा याच गोळ्यांनी बरं वाटलं होतं. आता त्याच गोळ्या घेतेय, तर काही फरक नाही. अंगाला औषधाची सवय झाली असेल का?" वेळ संपत आली होती, म्हणून मी म्हटलं, पुढच्या वेळी यावरच बोलते. तर आज तेच.

आधी उत्तर सांगून टाकते, मग कारण. सवय अंगाला झालेली नसते. अंग तेच असतं, गोळीही तीच असते. बदललेले असतात ते जंतू. आणि ते कसे बदलतात हे एकदा नीट ध्यानात आलं, की टीबीला एकदम चार औषधं का देतात, खोकला थांबला तरी सहा महिने गोळ्या का घ्यायच्या, हे कुणी दटावून सांगायची गरज राहत नाही. पस्तीस वर्षं नोकरीत मी पुष्कळ दटावलं. समजावून सांगायचं मात्र बऱ्याचदा राहून गेलं, म्हणून आज जरा बैजवार सांगते.

आमच्या भागातल्या एका बाईची हकिकत आहे. तिनेच सांगितलंय, "रेडिओवर बोला, पण माझं नाव नको." तिला पावसाळा सरता सरता टीबी निघाला. थुंकीच्या तपासणीत आलं की नेहमीची औषधं लागू पडतील. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात खोकला थांबला, भूक लागायला लागली. तेवढ्यात दिवाळी झाली आणि कोयता निघाला. मुकादमाची उचल घेतलेली, नाही जात म्हणून सांगणार कुणाला? नवरा-बायको टोळीबरोबर कारखान्यावर गेली. सोबत महिन्याच्या गोळ्या होत्या. त्या तिने पुरवून पुरवून खाल्ल्या, आज घेतली तर उद्या नाही. संपल्यावर तिकडे कुठे मिळतील, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोपीतल्या शेजारणींना कळलं तर आपल्या हांड्याला कुणी हात लावू देणार नाही, ही भीती वेगळीच. पुढे खोकला पुन्हा सुरू झाला. एकदा तिकडच्या दवाखान्यातून थोड्या दिवसांच्या टीबीच्या गोळ्या मिळाल्या, बरं वाटलं, पुन्हा खंड. चैत्रात गावी आली ती नुसती हाडं घेऊन. या वेळी थुंकी तपासली, तर रिपोर्टात आलं की टीबीच्या मुख्य औषधाला, रिफाम्पिसिनला, जंतू आता दाद देत नाहीत.

बाई तीच, फुफ्फुस तेच, औषध तेच. मग मधल्या सहा-सात महिन्यांत आत घडलं काय?

जंतू म्हटलं की आपल्याला घाण आठवते. पण रोज रात्री आपण घरात जंतू पेरतोच की! विरजण म्हणजे दुसरं काय? चमचाभर दह्यातले जंतू कोमट दुधात सोडायचे, सकाळी पातेलंभर दही. चमचाभराचे एवढे झाले कसे? एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. जंतूला ना लग्न लागतं ना बाळंतपण. तो वाढतो आणि मधोमध दुभंगतो. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू घ्या. ऊब आणि अन्न भरपूर मिळालं तर वीस मिनिटांत त्याचे दोन होतात. या हिशोबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर जंतू झाले. बँकेतल्या पैशाला असं व्याज असतं तर!

टीबीचा जंतू मात्र मंद. त्याला एकाचे दोन व्हायला वीसएक तास लागतात. मंद आहे म्हणून गरीब समजू नका. हळू वाढणारा, मधूनच निपचित पडून राहणारा जंतू मारायलाच जास्त दिवस लागतात, कारण बरीचशी औषधं कामात गुंतलेल्या जंतूला लवकर पकडतात, झोपलेल्याला नाही. खोकला थांबतो तेव्हा जागे असलेले बहुतेक मेलेले असतात. झोपलेले आतच असतात. सहा महिने लागतात ते यांच्यासाठी.

आता दुभंगताना काय होतं ते बघू. प्रत्येक जंतूच्या पोटात एक वही आहे असं धरा. अन्न कसं पचवायचं, अंगाभोवतीची भिंत कशी बांधायची, सगळं तिच्यात लिहिलेलं. या वहीला शास्त्रज्ञ डीएनए म्हणतात आणि तिच्यातल्या एकेका कृतीला जनुक. वहीची बाराखडी अवघ्या चार अक्षरांची, पण टीबीच्या जंतूच्या वहीत अशी सुमारे ४४ लाख अक्षरं आहेत. एकाचे दोन व्हायचे तर दोघांनाही वही हवी. म्हणून दुभंगण्याआधी जंतू अख्खी वही उतरवून काढतो. उतरवणारा तसा फार काटेकोर. पण शेकडो, हजारो वह्या उतरवल्या जातात तेव्हा कुठल्या तरी वहीत एखादं अक्षर चुकतंच. आपल्या गटाच्या वहीत महिन्याला पंचवीस ओळी असतात, तरी दर बैठकीला बेरीज पुन्हा करावी लागते, तिथे जंतूला काय बोल लावायचा?

समजा, कुणाकडून कृती उतरवून घेताना 'मीठ' लिहायचं तिथे 'पीठ' लिहिलं गेलं. एकच अक्षर बदललं, पण पदार्थ बदलला. वहीतल्या अशा चुकीला म्युटेशन म्हणतात, मराठी पुस्तकात उत्परिवर्तन. बहुतेक चुकांनी जंतूचं काही बिघडत नाही. काहींनी नुकसान होतं आणि तो मरतो. पण एखाद्याची चूक नेमकी अशा जागी पडते की औषधाला त्याला पकडताच येत नाही.

रिफाम्पिसिनचं उदाहरण घेऊ. जंतूच्या आत वही वाचून कामाची चिठ्ठी काढणारं एक यंत्र असतं. रिफाम्पिसिन त्या यंत्राच्या एका खाचेत जाऊन बसतं. शिलाई मशीनमध्ये चिंधी अडकली की चाक पुढे सरकत नाही, तसं जंतूचं काम ठप्प होतं. आता ज्या जंतूच्या वहीत नेमकं त्या खाचेबद्दलचं अक्षर चुकलं, त्याची खाच जराशी वेगळी घडते. यंत्र चालतं, पण औषध त्यात बसत नाही.

दुसरं औषध आयसोनायझिड. याची गंमत वेगळी. हे औषध जंतूत शिरतं तेव्हा झाकण लावलेल्या डब्यासारखं असतं. डबा उघडतो जंतूच, स्वतःच्या एका रसायनाने, आणि आतलं विष त्यालाच बाधतं. ज्याच्या वहीतली ही झाकण उघडायची कृती बिघडली, त्याचा डबा बंदच राहतो. आळशी निघाला म्हणून वाचला म्हणा ना!

रिफाम्पिसिनचा विषय निघालाच आहे तर बायकांच्या कामाची एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. या गोळीने लघवी लालसर-नारिंगी होते. ते रक्त नव्हे, घाबरून गोळ्या बंद करू नका. आणि ज्या माला-एनसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतात, त्यांनी टीबीचं औषध सुरू होतानाच डॉक्टरांना किंवा सिस्टरला तसं सांगा. रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा असर कमी होतो आणि दिवस राहू शकतात. तेवढ्या काळासाठी दुसरा उपाय करता येतो.

तर मुद्दा असा, की ही अक्षराची चूक औषधाने घडवली का? बहुतेकींना वाटतं की औषध अंगावर आलं, जंतू सावध झाला, त्याने तोड शोधली. शाळेत मलाही तसंच वाटायचं. शास्त्रज्ञांमध्येही यावर बरीच वर्षं वाद होता. तो मिटवणाऱ्या प्रयोगांपैकी एक मला फार आवडतो, कारण त्याला लागलं काय, तर मखमलीचा तुकडा.

१९५२ साली अमेरिकेत एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या नवरा-बायकोने हा प्रयोग छापला. एका पसरट काचेच्या बशीत चायनाग्रासची जेली करून तिच्यावर जंतू वाढवले. चायनाग्रास म्हणजे आपण उपवासाला करतो तेच, प्रयोगशाळेत त्याला अगार म्हणतात. बशीभर जंतू वाढले. मग लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून बसवली आणि ती बशीवर हलकेच दाबून उचलली. मखमलीच्या लवेला जागच्या जागी जंतू चिकटले. आता तीच मखमल दुसऱ्या बशीवर दाबली, तिसऱ्या बशीवर दाबली, एकच ठसा घेऊन दारोदारी रांगोळी उमटवावी तशी. फरक एवढाच की या नव्या बशांच्या जेलीत औषध मिसळलेलं होतं, स्ट्रेप्टोमायसिन. सगळे जंतू मेले, एखाददुसरा ठिपका तेवढा वाढला. आणि हा ठिपका प्रत्येक बशीत त्याच जागी होता!

औषध बघून जंतू तोड शोधत असते, तर ठिपके इथे एक, तिथे एक, कुठेही दिसले असते. सगळ्या बशांत एकाच जागी दिसले याचा अर्थ त्या जागचा जंतू मूळ बशीतच वेगळा होता, आणि मूळ बशीला तर औषधाचा थेंबही लागला नव्हता. त्यांनी मूळ बशीतल्या त्या जागचे जंतू उचलून वाढवत नेले, तर औषधाला न जुमानणारे जंतू निघाले. (जोशुआंना पुढे १९५८ साली नोबेल मिळालं, त्यांच्या दुसऱ्या संशोधनासाठी. त्यातही एस्थरबाईंचा हात होता असं पुष्कळ जण मानतात, नाव मात्र त्यांचं नव्हतं. असो.)

म्हणजे औषध जंतूला शिकवत नाही. औषध निवडतं. आपण सुपात धान्य घेऊन पाखडतो, हलकं उडून जातं, जड राहतं. सुपाने दाणा जड केला का? जड दाणा आधीच त्यात होता. कापूस लावणाऱ्यांनी हे शेतात सोसलंय. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचं नाव निघत नव्हतं. बीटीच्या विषाने अळ्या मेल्या, पण ज्यांच्या वहीत आधीच वेगळं अक्षर होतं त्या थोड्या वाचल्या. त्यांचीच पिल्लं वाढत गेली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं पोखरली. बियाणं तेच, अळी बदललेली.

आता फुफ्फुसाकडे येऊ. टीबीने फुफ्फुसात पोकळी पडली तर त्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. त्यांच्यात आयसोनायझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एखादा असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एखादा. म्हणजे रोगी पहिली गोळी गिळायच्या आधीच असे थोडे जंतू आत बसलेले असू शकतात. एकच औषध दिलं तर काय होईल? बाकीचे मरतील, रोग्याला बरं वाटेल आणि उरलेल्यांना सगळं रान मोकळं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. टीबीवरचं पहिलं खरं औषध स्ट्रेप्टोमायसिन. ते १९४३ साली सापडलं. इंग्लंडमध्ये त्याची रीतसर पारख झाली आणि १९४८ साली निकाल छापून आला. नुसती विश्रांती दिलेल्या ५२ रोग्यांपैकी सहा महिन्यांत १४ दगावले, औषध दिलेल्या ५५ पैकी ४. केवढा आनंद झाला असेल! पण त्यातच दिसलं की औषध घेतलेल्या बऱ्याच जणांच्या थुंकीतले जंतू आता स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाहीत. काही वर्षांनी पाहिलं, तर दोन्हीकडच्या मृत्यूंतला फरक बराचसा पुसला गेला होता. मग दोन औषधं एकदम देऊन बघितली आणि जंतूंची वाट अडली.

अडली कशी, याचा हिशोब सोपा आहे. पहिल्या औषधातून सुटणारा दहा लाखांत एक, दुसऱ्यातून सुटणारा दहा कोटींत एक. दोन्हीतून सुटणारा जंतू हवा तर एकाच वहीत दोन्ही चुका नेमक्या हव्यात. गुणाकार केला तर तो शंभर लाख कोटींत एक. एवढे जंतू माणसाच्या छातीत मावतच नाहीत. पहिल्या औषधातून निसटलेल्याला दुसरं मारतं, दुसऱ्यातून निसटलेल्याला पहिलं. म्हणून आज आपल्याकडे पहिले दोन महिने चार औषधं देतात, पुढचे चार महिने तीन, तीही वजनाप्रमाणे आणि रोज.

पण हे गणित चालतं ते सगळी औषधं रोज, एका वेळी अंगात असतील तरच. आमच्या त्या बाईने गोळ्या पुरवून खाल्ल्या तिथे गाडी घसरली. एक दिवसाआड गोळी म्हणजे जंतू अर्धमेले होतात आणि मधल्या दिवसांत पुन्हा वाढतात. वाढतात म्हणजे वह्या उतरवतात, आणि वह्या उतरवतात म्हणजे नव्या चुका. त्यात सगळी औषधं अंगातून सारख्या वेगाने जात नाहीत. एक लवकर ओसरतं, एक रेंगाळतं. रेंगाळणारं औषध तेवढा वेळ एकटंच लढत असतं, म्हणजे पुन्हा १९४८ सालचीच गत. मधल्या औषधाने थोडे पाखडले, खंड पडला, उरलेले वाढले, पुन्हा औषध, पुन्हा पाखडणी. चैत्रात ती आली तेव्हा तिच्या छातीत बहुतेक वाचलेल्यांचीच वस्ती होती.

आणि हे तिच्यापुरतं राहत नाही. ती खोकली की तेच जंतू हवेत. ज्या पोराने आयुष्यात टीबीची एक गोळी खाल्ली नाही, त्याला थेट हाच टीबी होऊ शकतो. म्हणून कुणाला असा टीबी निघाला की "हिने गोळ्या चुकवल्या असणार" असं लगेच बोलू नका. त्या पोराने काय चुकवलं?

आता हे कळतं कसं? सीबीनॅट नाहीतर ट्रूनॅट या तपासणीने. ट्रूनॅट तर गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं छोटं यंत्र आहे, तालुक्याच्या दवाखान्यातही चालतं. यंत्र थुंकीतल्या जंतूंच्या वहीचं नेमकं पान उघडून रिफाम्पिसिनच्या खाचेचं अक्षर बदललंय का ते बघतं, आणि दोन-तीन तासांत सांगतं. म्हणून टीबीची शंका आली की थुंकीची ही तपासणी औषध सुरू व्हायच्या आधी मागून घ्या. नुसत्या एक्स-रेत जंतूची वही दिसत नाही.

सगळेच जंतू टीबीसारखे स्वतःच्या चुकांवर अवलंबून नसतात, हेही सांगायला हवं. टीबीचा जंतू एकलकोंडा. पण पोटातले, लघवीच्या मार्गातले ई. कोलायसारखे जंतू उसनवारी करतात. एकाकडे औषध फोडायची कृती असली तर तो त्या पानाची नक्कल शेजाऱ्याला देतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी! सर्दीला अँटिबायोटिक घेतलं तर सर्दी त्याने जात नाही, कारण सर्दी विषाणूने होते आणि विषाणूवर ते चालतच नाही. पण पोटातल्या जंतूंची तेवढी पाखडणी होते. पुढे कधी लघवीला जळजळ झाली की त्यातलेच वाचलेले पुढे येतात, आणि नेहमीच्या गोळीने गुण येत नाही. गोळ्यांच्या पानावर उभी लाल रेघ असली तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. लेकीच्या उरलेल्या दोन गोळ्या सुनेला, असंही नको. गाई-म्हशींच्या कासदाहाला इंजेक्शन दिलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही वापरायचं नाही. कोलिस्टिन नावाचं औषध माणसाला अगदी शेवटी, दुसरं काही चालेना तेव्हा देतात. तेच कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायचे, २०१९ साली सरकारने ते बंद केलं.

आणि हे ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांसाठी, कागदावर लिहून घ्या. टीबीचं औषध सुरू झालं की तुमचा एक निक्षय क्रमांक तयार होतो. तो देशात कुठेही चालतो. ज्या कारखान्यावर जाणार त्याच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला की पुढच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. निघायच्या आधी आशाताईंना गाव, तालुका, कारखाना सांगून ठेवा. अडलं तर १८००-११-६६६६ हा फुकट फोन आहे. उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये बँकेत येतात, आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले.

त्या बाईचं विचाराल तर तिचं नवं औषध चालू आहे. पूर्वी अशा टीबीला दीड-दोन वर्षं औषध आणि रोजची इंजेक्शनं असायची. त्याने काहींचे कान जायचे. आता सहा महिन्यांची, नुसत्या गोळ्यांची पद्धत आली आहे, २०२४ साली आपल्या सरकारने तिला मान्यता दिली. तिचा चौथा महिना चालू आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, सासूबाई आणि दोन्ही मुलं ठीक आहेत. मागच्या आठवड्यात मुकादम उचल घेऊन दारात आला होता. नवरा गप्प बसला. तीच बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, शेवटचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय अंगठा उठवणार नाही." घरखर्चाला तिच्या बचत गटाने कर्ज मंजूर केलंय. ते गटात कुणी बोलून दाखवू नये एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि अजून तरी कुणी दाखवलेलं नाही.

पुढच्या खेपेला ज्यांना लघवीच्या जळजळीबद्दल विचारायचंय, त्यांनी लाजू नका, फोन करा. नाव नाही सांगितलं तरी चालेल.